वाट दिसत नसताना वाटाड्याचं गाणं

पत्राचा गोषवारा: एक भगिनी काही वर्षांपासून आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) वर्शिप लीड करतात, म्हणजे उपासनेतली गाणी पुढे उभं राहून सगळ्यांकडून म्हणून घेतात. येत्या उपकारस्तुतीच्या उपासनेसाठी पाळकसाहेबांनी एक गाणं निवडलं आहे. देव हाताला धरून चालवतो, पुढची वाट त्याला ठाऊक आहे, मग भ्यायचं कशाला, अशा आशयाचं ते जलद ठेक्याचं, टाळ्यांचं गाणं. नेमकं याच वर्षी या भगिनींनी पुष्कळ प्रार्थना करून, हीच देवाची इच्छा असं समजून, स्थिर नोकरी सोडली आणि दुसरं काम धरलं. ते काही महिन्यांतच बंद पडलं. आता त्या घरी आहेत आणि "देवानंच सांगितलं होतं ना?" हा प्रश्न घरच्यांकडून ऐकावा लागतो. शिवाय मंडळीतल्या एका जोडप्याचा तरुण मुलगा याच वर्षी गेला. ते दोघं पुढच्या बाकावर बसतात. "त्यांच्याकडे बघत मी 'टाळ्या वाजवा' कसं म्हणू? मलाच वाट दिसत नसताना हे गाणं म्हणणं ढोंग नाही का? सोबतचे गायक म्हणतात, लीडरच्या चेहऱ्यावर आनंद नसला तर मंडळी थंड पडते. नकार देऊ, गाणं बदलून मागू, की मन घट्ट करून उभी राहू?"

प्रिय भगिनी,

माझं मत आधीच सांगते. तुम्ही हे गाणं घ्यावं. पण आजवर आनंदाची गाणी ज्या पद्धतीनं घेत आलात, त्या पद्धतीनं घेऊ नये. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी पत्रं इतरही गायकांकडून येतात आणि सगळ्यांच्या मनात बहुतेक हाच सल असतो: आत एक आणि ओठांवर दुसरं.

ढोंगापासून सुरुवात करू. आपल्यापाशी नाही ते आहे असं लोकांना भासवणं म्हणजे ढोंग. माइकसमोर उभं राहून "देवाच्या कृपेनं माझं सगळं छान चाललंय" असं तुम्ही म्हणालात, तर ते ढोंग होईल. पण तुम्ही कळवलेल्या आशयात असं काही नाहीच. वाट देवाला ठाऊक आहे, असं गाणं म्हणतं. गाणाऱ्याला ती ठाऊक आहे असा दावा त्यात कुठेही नाही. उलट ज्याला पुढचं सगळं स्पष्ट दिसतंय त्याला हाताला धरून नेणारा कशाला लागतो? नोकरी सुरळीत असती तर ही ओळ तुम्ही सहज म्हणून गेला असता. आज ती तुम्हाला अडते, कारण आज तिचा तुमच्या आयुष्याशी खराखुरा संबंध आला आहे.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 42वं आणि 43वं स्तोत्र या आठवड्यात सलग वाचा. दोन्हींत एकच ध्रुवपद तीनदा येतं: हे माझ्या जिवा, तू खिन्न का झालास? दोन्ही मिळून मुळात एकच गीत असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात, ते या ध्रुवपदामुळेच. ते गाणारा कोण आहे हे नीट पाहा. एके काळी लोकसमुदायाबरोबर हर्षानं, उपकारस्तुतीची गाणी गात आपण देवाच्या मंदिराकडे कसे जात होतो, याची तो आठवण काढतो. अनेक भाषांतरांत तर तो त्या समुदायाच्या अग्रभागी चालताना दिसतो. म्हणजे हा तुमच्याच कामातला माणूस! आता तो मंदिरापासून दूर आहे, रात्रंदिवस रडतो आहे, आणि "तुझा देव कोठे आहे?" असं लोक त्याला विचारताहेत. तुमच्या घरातला प्रश्न काही फार वेगळा नाही.

मग तो काय करतो? 43व्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात तो मागतो की तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, ती मला मार्ग दाखवोत. लगेच चौथ्या वचनात म्हणतो की मग मी माझ्या परमानंदाच्या देवापाशी जाईन आणि वीणा वाजवून त्याचं स्तवन करीन. मार्गदर्शनाची मागणी आणि आनंद अशी एकाला एक लागून आलेली आहेत. मागणी पुरी झाल्याचा निरोप अजून आलेला नाही. पाचव्या वचनात तर पुन्हा तोच प्रश्न, जिवा, तू का खिन्न झालास. खिन्नता संपली की मग गाऊ, असं त्याचं म्हणणं नाही. गाणं आणि खिन्नता दोन्ही तो एकाच गीतात वागवतो. हे गीत इस्राएलानं कोणा एकाच्या खासगी वहीत राहू दिलं नाही. कोरहाच्या वंशातल्या गायकांच्या नावावर, सगळ्यांनी मिळून गाण्यासाठी ते जपलं. म्हणून आनंदाच्या गाण्यासाठी आतून आनंदी असणं ही पूर्वअट आहे, हे तुमचं पहिलं गृहीतक मला मान्य नाही.

दुसरं गृहीतक याहून खोल रुतलेलं आहे. काम बंद पडलं, म्हणजे देवानं वाट दाखवलीच नव्हती. घरचे लोक हेच बोलून दाखवताहेत आणि तुम्हीही ते मनातल्या मनात मान्य करून टाकलंय, असं पत्र वाचताना वाटलं. मार्गदर्शन खरं असेल तर वाट सोपी निघेल, असा हा हिशोब आहे. शास्त्रात तो कुठं बसतो ते पाहू. मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांना पलिष्ट्यांच्या मुलखातून जाणारा रस्ता जवळचा होता. देवानं त्यांना त्या रस्त्यानं नेलंच नाही, असं निर्गम या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. दिवसा मेघस्तंभ, रात्री अग्निस्तंभ, एवढं डोळ्यांना दिसणारं मार्गदर्शन असताना ते समुद्रापाशी येऊन अडकले. समुद्र ओलांडल्यावर 15व्या अध्यायात मोशेनं आणि लोकांनी गीत गाइलं, त्याची बहीण मिर्याम हिनं डफ घेतला, बाया तिच्यामागून डफ वाजवत नाचत निघाल्या. आनंदाचं याहून मोठं गाणं त्या ग्रंथात क्वचितच सापडेल. आणि त्याच अध्यायात, गाणं संपल्या संपल्या, तीन दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी मिळालं ते मारा इथलं, कडू. मेघस्तंभ चुकला होता का? नव्हता. आणि कडू पाण्यामुळे मिर्यामेचं गाणंही खोटं ठरलं नाही.

प्रेषित पौलाचंही तसंच. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात आशियात (तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात) जायची वाट बंद होते, बिथुनियाचीही बंद होते, शेवटी रात्री दृष्टान्त होतो आणि तो मासेदोनियाला जातो. इतकं स्पष्ट बोलावणं असूनही फिलिप्पैत त्याच्या वाट्याला फटके आणि तुरुंग आला. मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला पाय खोड्यात असताना स्तुतिगीतं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. हे गाणं भूकंपाच्या आधीचं आहे. दारं उघडली म्हणून ते गाइले नाहीत.

याचा अर्थ तुमचा निर्णय बरोबरच होता, असं मी म्हणत नाही. तो घाईचा असू शकतो. प्रार्थना केली, पण जाणत्या माणसांचा सल्ला घ्यायचा राहिला, असंही झालं असेल. तसं झालं असेल तर शांतपणे बसून ते तपासायला हवं, आणि "देवाची इच्छा" या शब्दांमागे लपू नये. पण ती तपासणी वेगळी, आणि देव तुम्हाला आजपासून पुढे चालवील की नाही हा प्रश्न वेगळा. 23व्या स्तोत्रातला मेंढपाळ हिरव्या कुरणातही नेतो आणि मृत्युच्छायेच्या दरीतही साथ सोडत नाही. कुरणाचं वर्णन चालू असताना स्तोत्रकर्ता देवाविषयी बोलत असतो. दरी आली की तो थेट देवाशीच बोलू लागतो, तू माझ्याबरोबर आहेस म्हणून. मार्गदर्शनाबद्दल मला सगळ्यांत धीर देणारी जागा हीच वाटते.

आता त्या जोडप्याविषयी. तुमच्या पत्रातला हा भाग मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला, कारण स्वतःच्या अडचणीतही तुमचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. तुमची धास्ती अगदी योग्य आहे. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणं हे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेण्यासारखं आहे, असं नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायात म्हटलंय. हे वचन प्रत्येक वर्शिप टीमनं सरावाच्या खोलीत लावून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आनंदाची सक्ती फार दुखवते. "सगळ्यांनी हात वर करा", "शेजाऱ्याकडे बघून हसा", "आज कोणी उदास दिसता कामा नये" असली वाक्यं माइकवरून सर्रास येतात. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला ती ऐकून वाटतं की या देवळात माझ्यासाठी जागा नाही. असं एकही वाक्य त्या दिवशी तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. खरं तर कधीच येऊ देऊ नका.

पण त्यांच्या वतीनं तुम्ही एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली आहे: हे गाणं त्यांना नको असणार. कदाचित नको असेल. कदाचित मुलाच्या आवडीचं असल्यामुळे हवंही असेल. किंवा बाकीचे लोक आपल्यासाठी गाताहेत एवढं ऐकूनच त्यांना आधार वाटेल, स्वतः तोंड उघडवलं नाही तरी. विचारल्याशिवाय हे कळायचं नाही. म्हणून उपासनेच्या आधी त्यांच्या घरी जा. परवानगी मागायला जाऊ नका, ते ओझं त्यांच्यावर नको. आधी थोडा वेळ नुसत्या बसा, मुलाविषयी बोलू द्या, त्याचं नाव घ्या. निघताना सांगा, "रविवारी आम्ही हे गाणं घेणार आहोत. तुम्हाला जड गेलं तर बसून राहा, बाहेर गेलात तरी कोणी काही म्हणणार नाही. आणि प्रार्थनेत त्याचं नाव घ्यावं असं वाटत असेल तर मी पाळकसाहेबांना सांगते." आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं पौल रोमच्या मंडळीला लिहितो. एकाच रविवारी, एकाच सभागृहात दोन्ही करायची वेळ येणार, हे त्यात गृहीतच आहे.

तुमच्या सोबतच्या गायकांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. लीडर गोंधळलेला असेल तर मंडळी थंड पडते, हे खरं. चेहरा गंभीर असेल तर पडते, हे खरं नाही. लोकांना लीडरकडून काय हवं असतं? सुरुवात कुठे करायची, कोणत्या सुरात, किती वेगानं, ध्रुवपदाकडे कधी वळायचं आणि कुठे थांबायचं. एवढं स्पष्ट मिळालं की ते गातात. पहिल्या इतिहासाच्या 15व्या अध्यायात कनन्या नावाच्या लेव्याला (उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या माणसाला) गायनाचा प्रमुख नेमलंय. कारण काय दिलंय? तो त्यात निपुण होता. त्याच्या मनःस्थितीबद्दल एक अक्षर नाही. हे वाचून मला नेहमी मोकळं वाटतं. आपल्या भावनांच्या जोरावर शंभर माणसांना आनंदी करायचं, हे काम देवानं कोणावरही सोपवलेलं नाही. त्यांना नीट गाता येईल अशी सोय करणं हे मात्र सोपवलंय, आणि ते जड मनानंही उत्तम करता येतं.

ती सोय कशी करायची ते सांगते. आधी पट्टी. तुमचा आवाज ज्या पट्टीत खुलतो तीच मंडळीला झेपेल असं नाही. जमावातल्या सर्वसाधारण माणसाला एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वर, एवढ्याच टप्प्यात सुखानं गाता येतं. गाण्यातला सगळ्यांत उंच स्वर शोधा. तो बहुधा ध्रुवपदातच असतो, म्हणजे सगळ्यांनी मोठ्यानं गायचं तिथेच. तो स्वर गाताना सरावाला आलेला सगळ्यांत साधा गाणारा मान ताणत असेल, तर पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवा. सकाळच्या उपासनेत आवाज मोकळे झालेले नसतात, हेही धरून चाला.

मग लय. टाळ्या सुरू झाल्या की गाणं पळायला लागतं, हा सगळीकडचा अनुभव. ढोलक किंवा ड्रम वाजवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की टाळ्यांच्या मागे धावायचं नाही, ठेका धरून ठेवायचा. वेग ठरवायला सोपी कसोटी अशी: उभं राहून, टाळ्या वाजवत पूर्ण कडवं गा. दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नसेल तर वेग जास्त आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या आसपास चाललेलं गाणं 100 वर आणलं तरी त्यातला आनंद जात नाही. शब्द मात्र लोकांच्या तोंडात नीट बसतात, आणि मार्गदर्शनाच्या गाण्यात शब्द समजून म्हटले जाणं फार महत्त्वाचं.

तुमच्या प्रसंगासाठी मांडणी अशी सुचवते. गाण्याआधी 43व्या स्तोत्राचं तिसरं आणि चौथं वचन कोणाला तरी शांतपणे वाचायला सांगा. पहिलं कडवं आणि ध्रुवपद ठेक्याशिवाय, नुसत्या हार्मोनियमवर किंवा गिटारवर, संथ. ठेका दुसऱ्या कडव्यापासून. टाळ्यांचं तोंडानं सांगूच नका. ठेका आला की ज्यांना वाजवायच्या ते आपोआप वाजवतील, आणि ज्यांना नाही ते नुसते उभे राहिले तरी वेगळे दिसणार नाहीत. शेवटच्या ध्रुवपदाला माइकपासून दोन पावलं मागे या आणि वाद्यंही थांबवा. मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येईल. आणि तुम्हालाही तो ऐकू येईल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इतकी वर्षं तुम्ही लोकांना गाऊन दाखवलं. कलस्सैकरांच्या पत्रात स्तोत्रं आणि गीतं गाऊन एकमेकांना शिकवा, बोध करा, असं सांगितलंय. त्यात लीडरही आला. जी ओळ तुम्हाला आज म्हणवत नाही ती पन्नास माणसं तुमच्यासाठी म्हणतील, तेव्हा गप्प राहून ती ऐकायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे.

प्रस्तावना करायची असेल तर दोन वाक्यांत करा. "आपल्यातल्या काहींना आज पुढची वाट दिसते आहे, काहींना दिसत नाही. ज्या देवाला ती दिसते त्याच्यासाठी आपण गाऊ या." एवढं पुरे. नोकरीची सगळी कहाणी त्या जागी सांगू नका. ती लपवण्यासारखी आहे म्हणून नव्हे. ती अजून चालू आहे, आणि चालू असलेल्या गोष्टीला लोक घाईनं शेवट जोडू पाहतात. ती दोन विश्वासू माणसांना सांगा, प्रार्थनागटात सांगा.

नकार देणं चुकीचं आहे का? मुळीच नाही. सरावाच्या वेळी प्रत्येक खेपेला त्याच ओळीवर रडू येऊन गाणं थांबत असेल, तर एखाद-दुसरा रविवार बाकावर बसून इतरांबरोबर उपासना करा. आपल्यापैकी कोणी दुःख भोगत असेल तर त्यानं प्रार्थना करावी आणि आनंदित असेल त्यानं स्तोत्रं गावीत, असं याकोबानं 5व्या अध्यायात म्हटलंय. दोघांनाही त्यानं त्याच मंडळीत जागा दिली आहे. सोबतच्या एखाद्या गायकाला पुढे करून तुम्ही दुसरा आवाज धरलात तरी चालेल. झोप, भूक आणि कशातलाही रस बरेच आठवडे गेलेला असेल तर मात्र गाण्याचा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. प्रार्थनेच्या जोडीनं उपचार घेणं हा अविश्वास नाही.

गाणं बदलून मागायचा पर्याय मला सगळ्यांत कमी पटतो. तुमच्या आजच्या मनाला जुळणारं संथ गाणं मिळेलही. पण त्याच सभागृहात कोणाला बाळ झालंय, कोणी आजारातून उठलंय, कोणाची अनेक वर्षांची प्रार्थना ऐकली गेली आहे. उपकारस्तुतीच्या दिवशी त्यांनाही मोकळेपणानं गायला मिळालं पाहिजे. त्याऐवजी पाळकसाहेबांकडे एका विलापस्तोत्राची मागणी करा. त्याच उपासनेत, या गाण्याच्या आधी. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चारदा "कोठवर?" विचारलंय आणि शेवट गाण्याच्या निश्चयानं होतो. अवघी सहा वचनं, वाचायला फार वेळ लागत नाही.

पाळकसाहेबांशी मात्र याच आठवड्यात बोला, सरावाच्या दिवसापर्यंत थांबू नका. नोकरीचं त्यांना अजून माहीत नसावं असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते आधी सांगा, मग मांडणीतले बदल सांगा, आणि लीड करताना आवाज फुटलाच तर ध्रुवपद कोणी उचलायचं हे त्यांच्यासमोरच ठरवा. वादकांनाही ते नाव माहीत असू द्या.

तुमची,
सदरलेखिका